सामायिक कोठारातलं नाव

सकाळच्या अपडेटनंतर तैवानातल्या सिंचूच्या आमच्या ऑफिसात एकाचंही सॉफ्टवेअर उभं राहीना. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरवर ठेवलेलं खाऊचं पाकीट शुभ मानतात तसं हिरवंच होतं, मुदतही संपली नव्हती. म्हणजे खोट आम्ही सगळे जिथून तयार कोडची पॅकेजेस घेतो, त्या सामायिक कोठारातच होती.

माझ्या शेजारी बसणाऱ्या, कामात वरिष्ठ वेइ-लुनदादानं कोठार उघडलं. त्यात कुणीच न टाकलेलं एक पॅकेज होतं. नाव होतं दौदौ.

"तुझ्या लेकीचं लाडाचं नाव ना हे? आईपणाचं वेड कामात नको गं," तो हसला आणि त्यानं ते पुसलं.

तेवढ्यात दौदौला सांभाळणाऱ्या लियाओमावशींचा फोन आला. "अगं, खेळता खेळता हिच्या दंडावर काळेनिळे वळ उठले! मी बोटही लावलं नाही गं."

पॅकेज आपोआप परत आलं. दादानं पुन्हा पुसलं. फोनमध्ये काहीतरी कडकन मोडलं आणि माझं बाळ किंचाळलं. तिच्या मऊ तळव्यांचे मी सकाळीच पापे घेतले होते.

"दादा, थांबा!"

"साहेबांना काय तुझी पोरगी उत्तर देणार?" त्याचा हात पुन्हा कळफलकाकडे गेला.

मी आग विझवायचं नळकांडं उचललं आणि त्या हातावर घातलं. बोटं चेचली, रक्त कळांमध्ये झिरपलं. तो जमिनीवर तडफडत राहिला. मी कळफलकाची वायर उपटली. फोनमध्ये दौदौ हुंदके देत मला हाका मारत होती.

कुणीही हात न लावता पडद्यावर ओळ उमटली: 'दौदौची नवी आवृत्ती मिळाली. जुनी काढत आहे.'