पॉइंटनंतरचं शेपूट

एक्याण्णव साली ठाण्याच्या खाडीकाठी मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर आला आणि मासळीचे वाटे करायचा प्रोग्राम तिथल्याच एका कोळ्याच्या मुलीने, मालूने लिहिला. स्क्रीनवर प्रत्येक होडीचा वाटा दोन तुकड्यांत उमटला. पुरे किलो वेगळे, पॉइंटनंतरचं वेगळं.

चेअरमन दामाजीकाका वैतागले. "अगं, पुऱ्या किलोंचं बघ. मागचं शेपूट छाटून टाक, कोण विचारतंय त्याला!"

"नाही छाटणार, काका. सगळ्या होड्यांची शेपटं एका टोपलीत जमा होतील."

"आणि ती टोपली कुणाची?"

"बाबा बुडाले, तेव्हा काट्यावर उरलेली मासळी तुम्ही रोज आमच्या दारात ठेवायचात. आता गोमाजीही गेलाय, ही टोपली त्याच्या बायकोच्या, जनाबाईच्या दारात जाईल. तुम्हाला कुणी सांगावं लागलं नव्हतं, काका. मशीनला सांगावं लागतं."