लिंबाखालचा कूड

आई लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि आजीला रांगत्या हितूमागे पळवत नव्हतं, म्हणून दिवाळीपासून नववीतल्या कामिनीची शाळाच सुटली होती. शेवटी पोरीनं कंबर कसली. लिंबाखालचे खडे-काटे वेचले, नदीची वाळू चाळून पसरली, भोवती तुराट्यांचा हातभर उंच कूड विणला, आत वाळक्या गिलक्यांचे खुळखुळे टांगले. बाळाला कुठं काही टोचेल का, हे बघायला ती स्वतःच आतून रांगत फिरली.

"अव बाय, तुले बी दात येई ऱ्हायनात का?" आजी खो खो हसली.

हितू दिवसभर आत रमला. खाटेवर बसल्या बसल्या आजीला तो सांभाळता आला. कामिनीनं तर लगेच दप्तर भरून दाराशी ठेवलं.

संध्याकाळी आईनं ते सगळं फिरून फिरून पाहिलं. बोंडांनी ओरबाडलेला हात तिनं लेकीच्या गालावरून मायेनं फिरवला.

"बेस करं व माय! आते याची चिंता मिटनी. सकायपासून तू बी मनासंगे कापूस येचाले चाल."