अंतिम सामन्याच्या दिवशीचा फोटो

नवरा विल्मार वारल्यापासून डेल्मिराशी दोन शब्द बोलायलाही घरात कुणी उरलं नव्हतं. म्हणून पायसांदू शहराच्या फुटबॉल क्लबात जुने चाहते जुने फोटो घेऊन जमणार आहेत असं कळलं, तशी ती गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. "तिथे नुसती शिवीगाळ चालते, तुझं काय काम?" असं म्हणून विल्मार दर रविवारी एकटाच सामन्याला जायचा.

म्हाताऱ्या ओरिबेने एक फोटो तिच्यापुढे सरकवला. "वहिनी, ओळखा पाहू! आपण अंतिम सामना जिंकलो तो दिवस."

गर्दीत तरणाबांड विल्मार उभा होता. त्याच्याच कोटात शिरून, मफलरमध्ये अर्धं तोंड झाकून, एक बाई हसत होती.

"काय शोभत होतात हो दोघं!" ओरिबे म्हणाला. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढली, कुणी गरम 'माते' चहाचा पेला पुढे केला. सगळे तिच्याभोवती सरकून बसले. "सांगा ना वहिनी, त्या दिवसाचं काहीतरी."

डेल्मिरा कितीतरी वेळ फोटोकडे बघत राहिली. मग सावकाश खुर्चीत टेकली.

"थंडी फार होती," ती म्हणाली, "पण ह्यांनी मला कोटात घेतलं होतं."