नुसती मान हलव

"गोवरच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलाच्या रक्तात ताज्या अँटिबॉडीज सापडल्यात. आता शंकेला जागा नाही."

काचेपलीकडे नातू पडला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे लाल आणि चिकटलेले. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. काचेच्या अलीकडे आजी, मुलगा, सून. सुनेच्या कडेवर धाकटी चिंगी. ती कालच आजोळहून परतली होती आणि आल्या आल्या दादाच्या अंथरुणात शिरली होती. आता काचेवर थापट्या मारून ती त्याला हाका घालत होती.

"आणि माझा रिपोर्ट?" पोराच्या बापाने विचारलं. आपलंही रक्त तपासा, असा हट्ट त्याचाच होता.

"तुमच्यात जुन्या अँटिबॉडीज भरपूर आहेत. तुम्हाला गोवर होणार नाही."

"ऐकलंस?" तो बायकोकडे वळला. "मी काय सांगत होतो? सुई नाही, लस नाही. शरीर आपलं आपण शिकतं. लहानपणी गोवर येऊन गेला असणार, उभा आहे ना मी पहाडासारखा? हाही उठेल."

"जुन्या अँटिबॉडीज आजाराने येतात, तशा लसीनेही येतात. कशाने आल्या ते रक्त सांगत नाही." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "ते राहू द्या. मुलाला लस दिली नाहीत, त्याचं काय झालं ते समोर आहे. या मुलीचं बोला. आजच्या आज टोचली तर बहुधा वाचेल. उशीर केलात तर मी काही सांगू शकणार नाही. तुम्हा दोघांपैकी एकाने हो म्हटलं तरी पुरे."

सून बोलली नाही. या विषयावर बोलणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. तिचं गप्प राहणं व्रताचं नव्हतं.

व्रत आजीचं होतं. दिवस माथ्यावर येईपर्यंत तोंडातून शब्द नाही, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. नवरा गेला त्या सकाळीही तो मोडला नव्हता. अशा सकाळी तिने मान हलवली, की घरात ती काळ्या दगडावरची रेघ.

"रक्त सांगत नसेल, माझी आई सांगेल की!" बाप हसला. "आई, बोलू नकोस, तुझा नेम मोडायला नको. मला लहानपणी गोवर झाला होता ना? नुसती मान हलव. म्हणजे यांचीही खात्री पटेल आणि चिंगीला घरी नेता येईल."

आजीने काचेकडे पाहिलं. मग मुलाच्या तोंडाकडे. ते अजून हसत होतं.

"नाही," ती म्हणाली.

सुनेने दचकून वर पाहिलं. खिडकीतलं ऊन अजून तिरपं होतं.

"आई, तुझं मौन..."

"खड्ड्यात गेलं मौन." आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो ऐकवेना. "गोवर तुला शिवलासुद्धा नाही. लस टोचून आणली होती तुला. मी. तुझे वडीलही असेच शहाणे. माझ्या पोराला सुई लावायची नाही, म्हणाले. मी पिशवी उचलली, भाजीला जाते म्हटलं, आणि तुला काखोटीला मारून दवाखान्याच्या रांगेत उभी राहिले. नर्सच्या अंगठ्याला कडकडून चावलास. येताना एक कोबी घेतला, खोटं उघडं पडू नये म्हणून."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"तू कधी विचारलंस? आत्तासुद्धा मान हलव म्हणालास." ती एक पाऊल पुढे आली. "आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास, आणि वर फणा काढतोस? मी चोरून टोचून आणलेल्या सुईची मिजास माझ्याच नातवाच्या उशाशी मारतोस?"

एवढं बोलून ती काचेकडे वळली.

बापाने घसा खाकरला. डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. काचेकडे मात्र पाहिलं नाही. "तरी पण... घाई कशाला? घरी जाऊ, शांतपणे बसू, मग काय ते ठरवू."

सुनेने चिंगीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुम्ही बसा शांतपणे," ती म्हणाली. "मी जरा भाजी घेऊन येते."

तिच्या हातात पिशवी नव्हती. जिन्याकडे न वळता तिने समोरच्या लसीच्या खोलीचं दार खांद्याने ढकललं.