डाव्या चाकाचा शाफ्ट

बाईंनी मोडका शाफ्ट भंगारवाल्याच्या टेबलावर ठेवला. चाक फिरवणारा लोखंडी दांडा, ग्रीसने माखलेला, हातभर लांब, एका टोकाचा सांधा फुटलेला.

"असाच हवा. डाव्या चाकाचा. आत्ता."

भंगारवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "मावशी, ह्या गाड्या बंद होऊन जमाना झाला. नवी घेऊन टाका ना."

"सल्ला नकोय. आहे की नाही तेवढं सांगा."

बाईंच्या मागे त्यांची विद्यार्थिनी उभी होती. पेशाने नर्स. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली, तिसरी परीक्षा उद्या सकाळी. फिरत्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती, पण गाडी चालवता आली तरच. आणि बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलची एकुलती एक गाडी आज वळणावरच बसली होती. नर्सने क्लच खाडकन सोडला आणि चाकाखालून काडकन आवाज आला.

"राहू द्या, बाई," ती पुटपुटली. "माझ्याच हातून मोडलं. माझ्या नशिबातच नाही गाडी."

"नशीब कसलं? सांधा आधीच झिजला होता. चल."

"शेवटच्या रांगेत एक पडलीय तसली," भंगारवाला म्हणाला. "पण माणसं जेवायला गेलीत. तासाभराने या."

"आमचा मिस्त्री आज लवकर जाणार आहे, तासाभराने नवं काम हातात घेणार नाही. पाना द्या, आम्ही काढतो."

"तुम्ही?"

बाईंनी नुसता हात पुढे केला.

गाडी विटांवर टेकवलेली होती. काचा नव्हत्या, सीट नव्हत्या, पण डावं चाक जागेवर होतं. ब्रेक गंजून चिकटल्यामुळे ते फिरत नव्हतं, हे एक बरं झालं. बाईंनी मधल्या मोठ्या नटावर पाना बसवला आणि सगळा जोर लावला. नट ढिम्म. त्यांनी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, पुन्हा लोंबकळल्या. काही नाही.

"तू चढ ह्याच्यावर."

"मी?"

"माझं वजन किती, तुझं किती! घाल उपयोगात."

नर्स कचरत पाइपवर पाय ठेवू लागली, तशा बाई ओरडल्या, "हळू नको! एकदम!"

महिनाभर "हळू सोड, हळू सोड" ऐकून नर्सचे कान किटले होते. तिने दात आवळले आणि दोन्ही पायांनी उडी मारली. नट किंचाळला, सुटला, आणि ती चिखलात बदकन बसली. तशीच उठली. पुढच्या बोल्टना तिने बाईंना हातही लावू दिला नाही. पहारीने शाफ्ट उचकटून ओढला, तेव्हा गिअरबॉक्समधलं काळं तेल तिच्या कोपरापर्यंत आलं.

दोन्ही शाफ्ट तिने शेजारी शेजारी ठेवले आणि नखाने टोकावरचा एकेक दाता मोजला. तेवीस. ह्याचेही तेवीस. तिने पुन्हा एकदा मोजले.

"चला बाई. मिस्त्री थांबला असेल."

दुसऱ्या दिवशी परीक्षक पुढे बसला, त्यामुळे बाईंना मागे बसावं लागलं. चढावर मध्येच त्याने गाडी थांबवायला लावली. मागे ट्रक येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवू लागला. नर्सने आरशात पाहिलं, क्लच सावकाश सोडला. गाडी बोटभरही मागे न सरकता वर चढली.

परीक्षकाने कागदावर खूण केली. "जुनी आहे, पण खेचते छान."

"कालच शाफ्ट बदललाय," रस्त्यावरची नजर न काढता नर्स म्हणाली. "मी काढला."

परीक्षकाने पहिल्यांदाच कागदातून डोकं वर केलं.

मागे बाईंनी खाली पाहिलं. एरवी त्या पुढे बसत, तिथे पायाशी त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक होता. इथे गाडीचा नुसता सपाट तळ, आणि त्याच्यावर त्यांचा उजवा पाय केव्हापासून घट्ट रोवलेला. त्यांनी तो उचलला आणि निवांत डाव्या पायावर टाकला.