आधी थांबव, मग सांग

"हे 'डाय' म्हणजे काय गं? इथे मरतंय कोण?"

सासूबाई सुनेच्या खांद्यावरून कॉम्प्युटरमध्ये बघत होत्या. बत्तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या, म्हणून नवा सलाइन पंप वापरून बघायला सुनेच्या कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पंपाची नळी दोन बोटांत चिमटली, पंप थांबला, त्याच्या छोट्या पडद्यावर 'एरर ११' उमटलं. तशा त्या थेट प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सुनेपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सून ओशाळली. "कुणी नाही, आई. काही चुकलं की प्रोग्रॅमने एक ओळ छापायची आणि बंद व्हायचं. 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे सगळे त्याला गमतीनं 'डाय' म्हणतात."

"आणि पेशंटचं औषध?"

मागच्या टेबलापाशी चहा घेत असलेले साहेब आणि टेस्टिंगवाला वळून बघू लागले. चार वाजता हाच प्रोग्रॅम साठ पंपांत भरायचा होता.

"असं किती ठिकाणी मारून ठेवलंयस?"

तिनं शोधून पाहिलं. एक्केचाळीस.

"वाच एकेक." सासूबाईंनी खुर्ची ओढली.

"बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली."

"सांग. थांबवू नकोस."

"नळीत हवेचा बुडबुडा."

"थांबव. आधी थांबव, मग सांग. तू लिहीत बसशील, तोवर तो पुढे गेलेला असेल."

सुनेनं पाहिलं. खरंच, आधी ओळ छापली जात होती, मग मोटर थांबत होती. तिनं दोन्ही ओळींची अदलाबदल केली.

"दाब मर्यादेबाहेर."

"ही कुठली भाषा? पेशंट कुशीवर वळला, नळी अंगाखाली गेली, एवढंच असतं ते. 'नळी दबली आहे का बघा' असं लिही."

"बाटली संपत आली."

"ते हळू सांग. दिवसातून वीसदा होतं. दरवेळी बोंब मारलीस तर वॉर्डातल्या मुली आवाजच बंद करून ठेवतील. मग बुडबुड्याचंही ऐकू जायचं नाही."

सून 'डाय' खोडत होती, 'वॉर्न', म्हणजे इशारा दे, असं लिहीत होती. कुठे नुसतं सांगायचं, कुठे हात आवरायचा, सासूबाई एकदाही अडखळल्या नाहीत. घरात रिमोट सापडत नाही म्हणून हाका मारणाऱ्या याच त्या. प्रत्येक ओळीला क्षणभर डोळे मिटायच्या आणि उत्तर द्यायच्या. सुनेला वाटलं, आपण ओळी वाचतोय आणि या खाटा मोजताहेत. आठ महिने तिनं हा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात इतकी माणसं झोपलेली आहेत, हे तिला आज दिसत होतं.

"शेवटचं," ती म्हणाली. "अज्ञात त्रुटी."

"म्हणजे?"

"म्हणजे वरच्यापैकी काहीच नाही, पण काहीतरी बिनसलंय. काय, ते मशीनलाच कळलेलं नाही."

सासूबाई पहिल्यांदाच थांबल्या. मग म्हणाल्या, "इथे थांबव. कळत नसताना हात चालवायचा नाही. आणि तसं कबूल कर. लिही, मला समजत नाहीये. पेशंटकडे बघा."

"आई, मशीन कधी 'मला' वगैरे म्हणत नाही."

"डॉक्टरही म्हणत नाहीत. एक-दोनदा म्हणाले असते तर बरं झालं असतं."

सुनेनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कप खाली ठेवला. "लिहा," ते म्हणाले.

प्रोग्रॅम पंपात भरला. टेस्टिंगवाल्यानं पंपाची मागची बाजू उघडली आणि कुणाला न सांगता हाताला लागली ती वायर उपसली. मोटर थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली:

मला समजत नाहीये. पेशंटकडे बघा.

खोलीत पेशंट नव्हताच. नळीचं टोक जमिनीवरच्या एका प्लॅस्टिकच्या बादलीत सोडलेलं होतं. तरी साहेबांनी, टेस्टिंगवाल्यानं आणि सुनेनं, तिघांनीही पडद्यावरची नजर काढून बादलीकडे पाहिलं.

सासूबाई तोवर बादलीपाशी पोचून खाली वाकल्या होत्या.