कौशल्याबाईंचं पथ्य

हार्ट अटॅक येऊन गेल्यावर जयसिंगरावांचं खाणं कौशल्याबाईंनी आपल्या हातात घेतलं. मटण, अंडी, डाळ, तूप सगळं बंद. दोन्ही वेळा रागीची पातळ अंबील आणि उकडलेला दुधी. बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या कारखान्यात जन्मभर लोखंड उचललेला माणूस हळूहळू भिंत धरून चालू लागला. सन शहाण्णवच्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, तो न्हाणीत पडला आणि त्याला उठताच येईना.

"वय झालं, दुसरं काय," कौशल्याबाई दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "हृदय ठीक आहे ना?"

"हृदय उत्तम आहे, अम्मा." डॉक्टरीणबाईंनी जयसिंगरावांच्या दंडाची लोंबती कातडी चिमटीत धरली. "पण अंगात मांसच उरलं नाही. तुम्ही यांना उपाशी ठेवलंय."

कौशल्याबाई नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, भूक लागत होती तर एकदा तरी बोलायचं!"

"लागायची की," जयसिंगराव म्हणाले. "पण मी अंबील संपवली की तू देवापुढं हात जोडून म्हणायचीस, आजचा दिवस निभावला. मग आणखी मागू कसं?"